जपानच्या कार्टून स्टुडिओत परदेशी शागीर्द : हुन्नर, मजुरी आणि करार

कारागीर बांधवांनो, या पानाचे बहुतेक वाचक हाताच्या हुन्नरावर रोजी कमावणारे आहेत. कोणी जरीकाम करतो, कोणी यंत्रमाग चालवतो, कोणी चामड्याच्या पिशव्या शिवतो. आज आम्ही ज्या हुन्नराची ओळख करून देणार आहोत तो आपल्या मोहल्ल्यापासून फार दूरचा आहे, पण त्याचा हिशेब आपल्या कारखान्यांप्रमाणेच नगावर चालतो. हा हुन्नर म्हणजे जपानमधील ॲनिमेशन, अर्थात हलत्या चित्रांचे काम.

आपल्या घरांतली मुले टीव्हीवर डोरेमॉन आणि शिनचॅन पाहत मोठी झाली. त्यांच्यापैकी ज्यांचा हात चित्रकलेत चांगला आहे, ते आता म्हणतात की जपानला जाऊन हेच काम करायचे. वडील मंडळी विचारतात, त्यात रोजी आहे का? आमचे उत्तर असे की रोजी आहे आणि इज्जतही आहे, परंतु हात कितीही चांगला असला तरी परदेशी नवख्याचे तेथे निभावणे मुख्यतः एकाच गोष्टीवर अवलंबून असते. ती गोष्ट म्हणजे त्याने कोणत्या करारावर सही केली. हे का, ते समजण्यासाठी आधी त्या धंद्याची बांधणी पाहू.

बाजार मोठा, कारागिराचा वाटा लहान

जपानी ॲनिमेशन संघाच्या अहवालानुसार २०२३ साली या धंद्याची जगभरची उलाढाल सुमारे ३ लाख ३४ हजार कोटी येन होती आणि तिच्यातली निम्म्याहून अधिक रक्कम जपानबाहेरून आली. आकडा डोळे दिपवणारा आहे. परंतु ही ग्राहकाने सिनेमा, खेळणी, वस्तू, प्रसारण अशा सर्व वाटांनी मोजलेली रक्कम आहे. चित्र काढणाऱ्या स्टुडिओच्या पदरात तिचा लहानसा भाग पडतो.

याचे कारण भांडवलाच्या पद्धतीत आहे. बहुतेक मालिकांसाठी एक निर्मिती समिती बनते. टीव्ही कंपनी, पुस्तक प्रकाशक, खेळणीवाले, गाण्यांची कंपनी, जाहिरात कंपनी असे भागीदार पैसे घालतात आणि ज्याने जितके घातले त्या प्रमाणात हक्क वाटून घेतात. स्टुडिओला काम करून देण्याची ठरलेली रक्कम मिळते. त्याने स्वतः समितीत पैसे घातले नसतील, तर मालिका पुढे कितीही चालो, नफ्यात त्याचा वाटा नसतो. मुख्य स्टुडिओ मग काही भाग दुसऱ्या स्टुडिओला देतो, दुसरा काही चित्रे तिसऱ्याला देतो. ठेका, पोटठेका आणि त्याखाली घरी बसून काम करणारा कारागीर, ही साखळी आपल्याला काही नवी नाही.

भाव कमी का, याचे उत्तर देताना अनेक जाणकार १९६३ सालाकडे बोट दाखवतात. त्या वर्षी १ जानेवारीला ओसामू तेझुका यांच्या मुशी प्रॉडक्शनने ‘तेत्सुवान आटोमु’ ही अर्ध्या तासाची साप्ताहिक मालिका सुरू केली. टीव्ही कंपनीकडून मिळणारी रक्कम खर्चाच्या मानाने कमी होती. तूट खेळणी, चॉकलेट आणि परदेशातील विक्री यांच्या हक्कांतून भरून काढायची, असा हिशेब होता. मालिका अतिशय गाजली. पण एकदा कमी भावात काम होते असे दिसले की पुढच्या गिऱ्हाइकालाही तोच भाव हवा असतो. मुशी प्रॉडक्शनचे १९७३ साली दिवाळे निघाले. भाव मात्र मागे राहून गेला. ज्याने कधी नवे गिऱ्हाईक बांधण्यासाठी पडत्या भावात माल दिला आहे, त्याला हे अधिक समजावून सांगायला नको.

एक चित्र किती हातांतून जाते

टीव्हीवरील एका भागात साधारण ३०० तुकडे असतात. त्यांना कट म्हणतात. प्रत्येक कटचे कागद एका मोठ्या लिफाफ्यात ठेवलेले असतात आणि तो लिफाफा टेबलावरून टेबलावर फिरतो. त्यावर भागाचा क्रमांक, कटचा क्रमांक आणि किती सेकंदांचे काम आहे ते लिहिलेले असते. आत एक वेळपत्रक असते. कोणते चित्र किती वेळ पडद्यावर राहील, हे त्यात मांडलेले असते.

प्रथम दिग्दर्शक किंवा त्याचा सहायक संपूर्ण भागाचा चित्ररूप आराखडा काढतो. त्याला ‘एकोन्ते’ म्हणतात. त्यावरून मुख्य चित्रकार जागेची मांडणी करतो आणि हालचालीतील महत्त्वाची चित्रे काढतो. ही ‘गेंगा’ होत. सर्व पात्रांचे चेहरे एकसारखे दिसावेत म्हणून चित्र-निरीक्षक रंगीत कागदावर दुरुस्ती काढून वर ठेवतो. मग दोन गेंगांच्या मधली चित्रे काढली जातात. ही ‘दोगा’. त्यानंतर रंग भरणे, पार्श्वभूमी रंगवणे, सर्व थर एकत्र जुळवून छायांकन, संकलन आणि आवाज अशी कामे होतात.

या सगळ्या टेबलांमध्ये लिफाफे फिरवणारा, तारखा सांभाळणारा, उशीर करणाऱ्याच्या दारात जाऊन बसणारा एक माणूस असतो. त्याला ‘सेइसाकु शिंको’ म्हणतात. आपल्या भाषेत मुकादम म्हणावे, पण मजुरांवर हुकूम चालवणारा मुकादम नव्हे. सगळ्यांची मनधरणी करीत काम पुढे ढकलणारा तो माणूस असतो. ज्या परदेशी तरुणाची जपानी भाषा चांगली आहे पण हात चित्रकाराचा नाही, त्याला स्टुडिओत शिरण्यासाठी हीसुद्धा एक जागा आहे. या जागेवर बहुधा पगारी नोकरी मिळते. पण रात्रीअपरात्रीची धावपळ सोसावी लागते.

नवख्याच्या हातात पहिले काम

चित्रकार म्हणून येणाऱ्या नवख्याला पहिले काम मिळते ते दोगाचे, म्हणजे मधली चित्रे काढण्याचे. सिनेमात एका सेकंदाला २४ चौकटी जातात. टीव्हीच्या कामात खर्च वाचवण्यासाठी एकच चित्र बहुधा तीन चौकटी दाखवतात, म्हणजे सेकंदाला ८ चित्रे. मुख्य चित्रकाराने हात वर नेण्याचे पहिले आणि शेवटचे चित्र दिले असेल, तर मधली चित्रे नवख्याने भरायची.

सांगायला हे सोपे वाटते. प्रत्यक्षात सुरुवातीचे कित्येक आठवडे फक्त रेघ गिरवण्यात जातात. गेंगाची कच्ची रेघ दुसऱ्या कागदावर स्वच्छ, एकसारख्या जाडीची उतरवायची. खालून उजेड येणाऱ्या काचेच्या टेबलावर, खुंट्यांच्या पट्टीत कागद अडकवून हे काम चालते. आता अनेक स्टुडिओंत संगणकाच्या पाटीवर तेच काम होते, नियम मात्र तेच. रेघ कोठेही तुटता कामा नये, कारण पुढच्या टेबलावर संगणकात रंग ओतला की तुटलेल्या जागेतून तो बाहेर पसरतो. सावलीची हद्द आणि उजेडाची हद्द वेगळ्या रंगाच्या पेन्सिलीने दाखवायची, म्हणजे रंगकाम करणाऱ्याला विचारावे लागत नाही.

यातच या शागीर्दीचा पहिला धडा आहे. आपले चित्र सुंदर दिसले की झाले, असे तेथे कोणी मानत नाही. पुढच्या टेबलावरचा माणूस अडणार नाही, असे काम पूर्ण झालेले काम समजतात. दोगा तपासण्यासाठी वेगळा उस्ताद असतो. चूक आढळली की लिफाफा परत येतो. परत आलेल्या कामाला ‘रिटेक’ म्हणतात. आपल्याच चुकीचा रिटेक असेल तर त्याची वेगळी मजुरी बहुधा मिळत नाही. उस्ताद फार बोलत नाही. तो चित्रावर दुरुस्ती काढून देतो आणि शागीर्दाने दोन्ही कागद एकमेकांवर ठेवून फरक ओळखायचा असतो. आपल्याकडचे जुने कारागीर असेच शिकले आहेत.

वागण्याचेही काही नियम आहेत. जपानी कामाच्या जागी तीन गोष्टींवर भर असतो. झालेले काम कळवणे, बदल झाला तर लगेच सांगणे आणि अडचण आली तर आधी विचारणे. आपल्याकडे होतकरू मुलगा अडचण लपवून रात्र जागून काम उरकतो आणि त्याला मेहनती म्हणतात. तेथे सकाळी न सांगितलेला उशीर संध्याकाळी चार टेबलांवर पोहोचतो. म्हणून चूक करणाऱ्या नवख्यापेक्षा गप्प बसणाऱ्या नवख्याविषयी अधिक नाराजी असते. परदेशी मुलगा भाषेच्या लाजेने गप्प बसतो आणि लोक समजतात की त्याला कामाची काळजी नाही. हा गैरसमज टाळण्याचा उपाय म्हणजे मोडक्यातोडक्या जपानीत का होईना, वेळेवर सांगणे.

मजुरीचा हिशेब

आता मुख्य गोष्ट. दोगाची मजुरी बराच काळ एका चित्राला २०० येनच्या आसपास राहिली आहे. काही स्टुडिओ याहून अधिक देतात. गेंगाची मजुरी कटवर मिळते आणि टीव्हीच्या कामात ती साधारण चार-पाच हजार येन असते.

हिशेब करून पाहू. समजा, नवखा दिवसाला १० चित्रे काढतो आणि महिन्यात २५ दिवस बसतो. २०० येनप्रमाणे महिन्याला ५० हजार येन होतात. अनुभवी हात दिवसाला २० चित्रांपर्यंत गेला तर १ लाख येन. टोकियो शहरात ऑक्टोबर २०२४ पासून किमान वेतन तासाला १,१६३ येन झाले. त्या दराने दिवसाला ८ तास व २५ दिवस काम करणाऱ्या दुकानातल्या मदतनिसाला २ लाख ३२ हजार येनवर मिळतात. यावरून फरक लक्षात यावा. येनचा रुपयातील भाव रोज बदलतो, म्हणून आम्ही मुद्दाम येनमध्येच हिशेब मांडला आहे. खर्चही येनमध्येच करायचा असतो आणि टोकियोतील लहानशा खोलीचे भाडेच नवख्याची ही सारी कमाई खाऊन टाकू शकते.

हा हिशेब केवळ आमच्या कागदावरचा नाही. जपानी ॲनिमेटर व दिग्दर्शकांच्या संघटनेने केलेल्या पाहणीत २०१३ सालचे दोगा कारागिराचे सरासरी वार्षिक उत्पन्न सुमारे ११ लाख १३ हजार येन आढळले, म्हणजे महिन्याला एक लाखाच्या आत. त्याच पाहणीत सर्व प्रकारच्या कारागिरांची सरासरी सुमारे ३३ लाख येन होती. म्हणजे वर चढलेला माणूस जगू शकतो. पण पहिल्या पायरीवर दोन-तीन वर्षे टिकायचे कसे, हा प्रश्न आहे. जपानी तरुणांपैकी काही जण आईवडिलांच्या घरी राहून किंवा घरून मदत घेऊन ही वर्षे काढतात. परदेशी नवख्याला ती सोय नसते.

आणखी एक गोष्ट. दोगा आणि रंगभरणीचे पुष्कळ काम जपानबाहेर जाते. कोरिया, चीन, फिलिपिन्स, व्हिएतनाम येथे ते होते. तोएई कंपनीने तर १९८० च्या दशकातच फिलिपिन्समध्ये आपले काम उभे केले. त्यामुळे टोकियोत बसलेल्या नवख्याची स्पर्धा शेजारच्या टेबलाशी नसते. ती स्वस्त राहणीच्या शहरातल्या हाताशी असते. टोकियोचे भाडे भरून तेथील भावाशी टक्कर देणे कोणालाही जड जाईल.

नोकरी की नगावरचे काम?

यासाठी करार पाहायचा. स्टुडिओत शेजारी शेजारी बसणारे दोन कारागीर दोन वेगळ्या करारांवर असू शकतात. एक पगारी नोकर असतो. त्याला महिन्याचा पगार, आरोग्य विमा, निवृत्तिवेतनाची वर्गणी आणि किमान वेतनाचा कायदा लागू होतो. दुसरा स्वतंत्र कारागीर असतो. त्याचा करार ‘ग्योमु इताकु’ म्हणजे काम सोपवण्याचा असतो. तो रोज त्याच टेबलावर येत असला तरी कागदावर तो नोकर नाही. किमान वेतन त्याला लागू नाही. विम्याचे आणि कराचे त्याचे त्यालाच पाहावे लागते. या दोहोंच्या मधली एक पद्धत आहे. चांगला हात दुसरीकडे जाऊ नये म्हणून स्टुडिओ महिन्याला काही बांधीव रक्कम देतो आणि वरचे काम नगावर असते.

परदेशी माणसासाठी हा फरक पोटापुरता राहत नाही, तो देशात राहण्याच्या परवान्याशी जोडलेला आहे. अशा कामासाठी मुख्यतः जो नोकरीचा व्हिसा मिळतो, त्याला संबंधित पदवी किंवा जपानी व्यावसायिक शाळेची पदविका लागते आणि त्याच कामाला जपानी माणसाला मिळतो तितका पगार दाखवावा लागतो. महिन्याला ५० हजार येनच्या नगावारी कामावर हे दाखवता येत नाही. म्हणजे ज्या करारावर जपानी नवखा कसाबसा दिवस काढतो, त्याच करारावर परदेशी नवख्याला देशात राहणेच कठीण होते.

अलीकडे एक चांगली गोष्ट झाली आहे. १ नोव्हेंबर २०२४ पासून जपानमध्ये स्वतंत्र कारागिरांच्या संरक्षणाचा कायदा लागू झाला. काम देणाऱ्याने काम कोणते, मजुरी किती आणि ती कधी देणार, हे कागदावर किंवा संगणकाच्या संदेशात स्पष्ट दिले पाहिजे. सर्वसाधारणपणे काम हाती पडल्यापासून ६० दिवसांच्या आत पैसे चुकते केले पाहिजेत. त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार व मानवी हक्क विषयक कार्यगटाने जपानवरील आपल्या अहवालात ॲनिमेशन कारागिरांची अपुरी मजुरी आणि लांबलेले तास यांची दखल घेतली होती. तोपर्यंत या धंद्यात तोंडी ठरवून काम करण्याची रीत सर्रास होती.

उधारीचे व्यवहार लिहून ठेवण्याची आणि साक्षीदार ठेवण्याची ताकीद सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत आहे, हे आपल्याला लहानपणापासून माहीत आहे. मजुराची मजुरी त्याचा घाम सुकण्याआधी चुकती करावी, ही शिकवणही माहीत आहे. तरीही आपल्या कारखान्यांत किती जणांची मजुरी कागदावर असते? जपानला जो कायदा २०२४ साली लागू करावा लागला, त्याची शिकवण आपल्या घरात आधीपासून आहे. ती पाळण्यासाठी कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही.

जाण्याचे रस्ते

पहिला रस्ता शिक्षणाचा. आधी जपानी भाषा, मग तेथील दोन वर्षांची व्यावसायिक शाळा, मग नोकरी. अशा शाळेची फी वर्षाला साधारण १० लाख येन किंवा त्याहून अधिक असते. विद्यार्थ्याला परवानगी घेऊन आठवड्याला २८ तासच काम करता येते. दोन वर्षांची फी २० लाख येन आणि त्यानंतरची पहिली कमाई वर वाचलीच. व्याजी कर्ज काढून ही फी भरण्याचा सल्ला आम्ही देऊ शकत नाही. व्याज हराम आहेच, शिवाय हिशेबानेसुद्धा हे कर्ज पहिल्या पायरीच्या मजुरीतून फिटणारे नाही.

दुसरा रस्ता आपल्याच देशात पदवी आणि हुन्नर मिळवून मग जाण्याचा. संगणकावरील त्रिमिती काम आणि थर जुळवण्याचे छायांकन या विभागांत पगारी जागा तुलनेने अधिक असतात. मुंबई-पुण्यात हे काम शिकवणाऱ्या आणि करणाऱ्या संस्था आहेत. जपानी भाषेच्या सरकारमान्य परीक्षेची केंद्रेही मुंबई आणि पुणे येथे आहेत. या परीक्षेच्या पाच पायऱ्या आहेत, एन-५ सर्वांत सोपी आणि एन-१ सर्वांत कठीण. स्टुडिओत बसून सूचना समजण्यासाठी किमान एन-२ चे लक्ष्य ठेवावे.

मुंबईचा आणि जपानी ॲनिमेशनचा संबंधही जुना आहे. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला पूर्ण झालेल्या रामायणावरील भारत-जपान चित्रपटात मुंबईचे राम मोहन यांनी युगो साको यांच्यासोबत काम केले होते.

परदेशातून जाऊन जे तेथे उभे राहिले, त्यांच्याकडे पाहा. अमेरिकेचे आर्थेल आयसम यांनी जपानला जाऊन भाषा शिकली आणि हिरोमासा ओगुरा या नामवंत कलादिग्दर्शकाच्या हाताखाली पार्श्वचित्रे रंगवली. २०१६ साली त्यांनी भाऊ आणि एका सहकाऱ्यासह टोकियोत स्वतःचा स्टुडिओ काढला. कोरियाच्या चोई उन-यंग यांनी जपानी स्टुडिओंत ॲनिमेटर म्हणून काम केले आणि २०१३ साली दिग्दर्शक मासाआकी युआसा यांच्यासोबत सायन्स सारू हा स्टुडिओ स्थापन केला. दोघांनीही आधी दुसऱ्याच्या टेबलावर वर्षे घालवली, मग स्वतःची पाटी लावली.

एक इशारा येथेच देतो. ‘विशिष्ट कुशल कामगार’ या नावाच्या व्हिसावर भारतातून रुग्णसेवा, शेती, बांधकाम अशा कामांसाठी माणसे जातात. २०२४ साली या व्हिसाची क्षेत्रे १६ करण्यात आली. त्यांत ॲनिमेशन नव्हते. या व्हिसावर कार्टून स्टुडिओत लावून देतो असे सांगून कोणी एजंट पैसे मागत असेल, तर त्याला दारातूनच परत पाठवावे. पर्यटक व्हिसावर जाऊन काम करणे तर सरळ बेकायदा आहे.

दीनदारीचे प्रश्न

आमच्या वाचकांच्या मनात हा प्रश्न आधीच आला असेल. सजीवांची चित्रे काढण्याविषयी काय? यावर उलेमांत मतभेद आहेत. अनेक जण हाताने सजीवांचे चित्र काढण्यास मनाई करतात, काही आलिम मुलांच्या शिक्षणासारख्या कारणांसाठी सवलत देतात. झाडे, डोंगर, इमारती यांच्या चित्रांना सर्वसाधारणपणे हरकत घेतली जात नाही. फतवा देणे हे या पानाचे काम नाही. ज्याला या धंद्यात जायचे आहे त्याने तिकीट काढण्याआधी आपल्या मुफ्तींना कामाचे स्वरूप नीट सांगून विचारावे. पार्श्वचित्रांचा विभाग वेगळा असतो आणि त्यात मुख्यतः निसर्ग व घरेदारे रंगवतात, ही माहिती त्यांच्यासमोर ठेवावी. मालिका कोणती येईल हे नवख्याच्या हाती नसते. अश्लील दृश्यांचे काम आपण करणार नाही, हे मुलाखतीतच सभ्यपणे सांगावे. करार झाल्यावर नाही म्हणण्यापेक्षा आधी सांगणे तेथे अधिक मान मिळवते.

नमाजचा विचारही व्यवहाराने करावा. डिसेंबरात टोकियोत सूर्य साडेचारच्या सुमारास मावळतो, म्हणजे जुहर, असर आणि मगरिब या तिन्ही वेळा कामाच्या तासांत येतात. पाच-दहा मिनिटांची रिकामी जागा मागितली तर बहुधा अडचण येत नाही, पण मागावी लागते. योयोगी-उएहारा येथील टोकियो जामी मशिदीची सध्याची इमारत २००० साली उभी राहिली. शिन-ओकुबो भागात हलाल मांसाची व मसाल्यांची दुकाने आहेत. जेवणात डुकराची चरबी आणि स्वयंपाकाची दारू अनेक साध्या दिसणाऱ्या पदार्थांतही असते, म्हणून विचारल्याशिवाय खाऊ नये. काम संपल्यावर दारूच्या बैठका होतात. तेथे न जाता सकाळचा सलाम-दुवा आणि दुपारचे जेवण यांतून सहकाऱ्यांशी संबंध जोडावेत.

मालक मंडळींसाठी

हा लेख जपानला जाऊ इच्छिणाऱ्या मुलांपुरता नाही. नगावर काम देणाऱ्या आमच्या मालक बांधवांसाठीही त्यात धडा आहे.

पुष्कळ काळ नवख्याला उपाशी ठेवल्यामुळे जपानच्या या धंद्यात शिकलेल्या हातांचा तुटवडा झाला. नवे लोक येतात आणि पहिल्या तीन वर्षांतच सोडून जातात. मग रिटेक वाढतात आणि उस्तादांची रात्र दुसऱ्याच्या चुका दुरुस्त करण्यात जाते. २०२३ साली स्थापन झालेल्या एका संस्थेने २०२४ पासून ॲनिमेटरांच्या कौशल्याची परीक्षा सुरू केली, ती हीच उणीव भरून काढण्यासाठी.

ज्यांनी वेळीच वेगळा विचार केला, त्यांची उदाहरणेही तेथेच आहेत. स्टुडिओ जिबलीने १९८९ साली नगावारी पद्धत सोडून कारागिरांना पगारी नोकरीत घ्यायला आणि नव्यांना नियमित शिकवायला सुरुवात केली. क्योतो ॲनिमेशनची कहाणी आपल्या बायाबापड्यांना अधिक जवळची वाटेल. मुशी प्रॉडक्शनमध्ये रंगकाम केलेल्या योको हात्ता यांनी १९८१ साली आसपासच्या गृहिणींना घेऊन रंगभरणीचे काम सुरू केले. पोटठेक्याच्या कामापासून निघालेला तो गट पुढे स्वतःच्या मालिका बनवू लागला. आपल्या कारागिरांना त्याने पगारावर ठेवले आणि शिकवण्याची शाळाही चालवली. २०१९ च्या जुलैमध्ये एका माथेफिरूने लावलेल्या आगीत तेथील ३६ जणांचा जीव गेला. इतका मोठा आघात सोसूनही तो स्टुडिओ पुन्हा उभा राहिला. आपल्या मोहल्ल्यांतही घरोघरी बसून जरी आणि मण्यांचे काम करणाऱ्या बहिणी आहेत. त्यांचे काम नगाच्या पुढे कधी जाईल, हे काम देणाऱ्यांनी ठरवायचे आहे.

सही करण्यापूर्वी

शेवटी, ज्या मुलाला जपानी स्टुडिओतून बोलावणे येईल त्याने सही करण्यापूर्वी पुढील प्रश्नांची उत्तरे लेखी मागावीत.

१. मी पगारी नोकर आहे की स्वतंत्र कारागीर?
२. नगाचा भाव किती आणि महिन्याची बांधीव रक्कम आहे का?
३. रिटेकची मजुरी मिळते का? दुसऱ्याच्या चुकीमुळे काम परत आले तर काय?
४. पैसे कोणत्या तारखेला मिळणार?
५. व्हिसासाठी लागणारा पगाराचा दाखला स्टुडिओ देणार का?
६. दोगा किती काळ करायचा आणि गेंगाची परीक्षा कधी देता येते?
७. जुम्म्याच्या नमाजसाठी दुपारची सुटी पुढेमागे करता येईल का?

यातल्या पहिल्या आणि पाचव्या प्रश्नाचे उत्तर समाधानकारक नसेल, तर घाई करू नये. मुंबई-पुण्यात राहून आणखी दोन वर्षे हात आणि भाषा पक्की करावी. बोलावणे पुन्हा येऊ शकते. रज्जाक अल्लाह आहे, पण रोजीचा हिशेब तपासून घेण्याची जबाबदारी त्याने आपल्यावर सोपवली आहे. आमचे जे तरुण हा हिशेब करून निघतील, त्यांना अल्लाह यश देवो.